विश्लेषण : प्रोस्टेटचा एमआरआय ‘वाकडा’ का येतो? फॅरेडेंच्या १८४५ च्या प्रयोगात दडलेले उत्तर

प्रोस्टेट कर्करोगाच्या निदानात एमआरआयचे महत्त्व वाढले आहे. मात्र या तपासणीतील एका महत्त्वाच्या प्रतिमेत ग्रंथी कधी ताणलेली, तर कधी दबलेली दिसते. त्यामागचे मूळ कारण मायकेल फॅरेडे यांनी एमआरआय यंत्र येण्याच्या शतकाहून अधिक काळ आधी शोधले होते.

फॅरेडे कोण होते?

लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे २२ सप्टेंबर १७९१ रोजी एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी ते बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचूनच विज्ञान शिकले. १८१२ मध्ये एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे नीट बांधून त्यांनी डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये त्याच संस्थेत त्यांना प्रयोगशाळा साहाय्यकाची नोकरी मिळाली. उच्च गणित त्यांना येत नव्हते. त्यांचा भर होता तो प्रयोग आणि काटेकोर नोंदींवर.

एमआरआयला त्यांचा शोध कसा उपयोगी पडला?

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे त्यांनी १८३१ मध्ये दाखवले. जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतात. एमआरआयमध्ये शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा क्षीण संदेश टिपणारी कॉइलही याच तत्त्वावर काम करते.

१८४५ मध्ये काय आढळले?

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी शिसेयुक्त जड काचेचा तुकडा शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगला. लोखंड ध्रुवांच्या दिशेने वळते. काच मात्र आडवी झाली. मग त्यांनी लाकूड, पाव, सफरचंद, मांस, रक्त असे हाती लागेल ते तपासले. बहुतेक पदार्थ चुंबकापासून किंचित दूर ढकलले जात होते. हेच प्रतिचुंबकत्व. माणसाला अलगद टांगता आले, तर तोही क्षेत्रात आडवाच होईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी वायूही तपासले. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, हे त्यांना आढळले.

याचा प्रोस्टेटशी संबंध काय?

प्रोस्टेटच्या लगेच मागे गुदाशय असतो आणि त्यात अनेकदा वायू असतो. पाण्याने भरलेल्या ऊती चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करतात, वायू जवळपास करत नाही. त्यामुळे दोहोंच्या सीमेवर क्षेत्र असमान होते. हा फरक दहा लाखांत काही भाग एवढाच असतो. पण ३ टेस्लाच्या यंत्रात दहा लाखांत एका भागाचा फरकही संदेशाची वारंवारता सुमारे १२८ हर्ट्झने बदलतो. यंत्र वारंवारतेवरून जागा ठरवते. साहजिकच तो ठिपका भलतीकडे उमटतो.

सर्वाधिक फटका बसतो तो ‘डिफ्युजन’ प्रतिमेला. पाण्याचे रेणू पेशींमध्ये किती मोकळेपणाने हलतात, हे ती दाखवते. कर्करोगाच्या दाट पेशींत ही हालचाल अडते. ही प्रतिमा अतिशय वेगाने घेतली जाते आणि त्याच पद्धतीत जागेची चूक वाढते. प्रोस्टेटचे बहुतांश कर्करोग ग्रंथीच्या बाहेरील, मागच्या भागात होतात. म्हणजे गाठ जिथे शोधायची, नेमके तिथेच चित्र बिघडते. गाठ सरकलेली किंवा दबलेली दिसली, तर बायोप्सीची सुई कुठे न्यायची याचा अंदाज चुकू शकतो.

विरूपण कमी कसे करतात?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे तपासणीपूर्वी शौचाला जाऊन येणे. काही ठिकाणी छोटा एनिमाही देतात. यंत्राचे क्षेत्र ग्रंथीच्या आसपास शक्य तितके एकसमान केले जाते. प्रतिमा एका दमात न घेता तुकड्यांत घेता येते किंवा फक्त लहान भागाची घेता येते. दुसऱ्या पद्धतीत उलटसुलट दिशांनी दोन प्रतिमा घेतात. एकीत ठिपका जितका पुढे सरकतो, तितकाच दुसरीत मागे. त्यावरून संगणक मूळ जागा शोधतो. गुदाशयात कॉइलचा फुगा वापरायचा असल्यास हवेऐवजी योग्य द्रव भरल्यास विरूपण घटते. कृत्रिम खुब्याचा धातूही क्षेत्र बिघडवतो. त्यामुळे शरीरात कोणतेही धातूचे रोपण असेल, तर ते आधीच सांगणे महत्त्वाचे.

फॅरेडेंची अखेर कशी झाली?

कीर्ती मिळूनही त्यांनी ‘सर’ ही पदवी नाकारली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही स्वीकारले नाही. उतारवयात स्मृती दगा देऊ लागली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. काच आडवी झाली ही नोंद तेव्हा निव्वळ कुतूहलाची वाटण्याजोगी होती. आज तीच माहिती विचारात घेऊन रेडिओलॉजिस्ट ठरवतात की, प्रतिमेवर विश्वास ठेवायचा की ती पुन्हा घ्यायची.