सावित्रीमाईंचं नायगावचं पत्र

३ जानेवारी आली की नांदेड-लातूरच्या विहारांत, शाळांत, वसतिगृहांत सावित्रीमाईंची जयंती होते. लहान मुली नऊवारी नेसून येतात, शेणगोळ्यांचा प्रसंग सांगितला जातो. तो सांगायलाच हवा. पण बहुतेक भाषणं १८४८ च्या भिडेवाड्यातच संपतात आणि त्यानंतरची जवळपास पन्नास वर्षं गळून जातात. आम्ही वस्त्यांमध्ये पोरापोरींसोबत काम करतो. आम्हाला त्या पुढच्या वर्षांतल्या सावित्रीमाईच जास्त लागतात.

सुरुवातीचं आयुष्य सगळ्यांना पाठ आहे. १८३१ साली नायगावात जन्म, नवव्या वर्षी लग्न, जोतीरावांकडून शिक्षण, मग शाळा. शाळेपायी सासऱ्यांनी घराबाहेर काढलं तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख सोबत उभ्या राहिल्या. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता येई. गरोदर राहिलेल्या बाईचं गाव काय करतं, हे सावित्रीमाईंनी तिथे रोज पाहिलं होतं.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये त्या माहेरी नायगावला होत्या. (नायगाव म्हटलं की आपल्याला नांदेड जिल्ह्यातला तालुका आठवतो, हे नायगाव साताऱ्याकडचं, खंडाळ्याजवळचं.) तिथून २९ ऑगस्टला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचं आणि महार समाजातल्या सारजा या मुलीचं प्रेम जमलं. मुलीला सहावा महिना लागला तेव्हा गावाला कळलं. दोघांना पकडून गावातून धिंड काढली आणि जिवे मारायचं ठरलं. सावित्रीमाईंना हे समजताच त्या धावत तिथे गेल्या. माणसं मारलीत तर इंग्रज सरकारच्या कायद्याने काय होईल याची त्यांनी जमावाला धास्ती घातली. दोघांनी गाव सोडून जावं, एवढ्यावर मिटलं आणि माईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिलं.

सदतीस वर्षांची बाई, माहेरचं गाव, समोर खवळलेले लोक. नवरा पुण्यात. आम्हाला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की जमावासमोर त्यांनी प्रेम चूक की बरोबर याचा वाद घातलाच नाही. आधी जीव वाचवला. फौजदारी कायदा म्हणजे दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली होती. अवघ्या सहा वर्षांत एका शिकलेल्या बाईने ती खेड्यातल्या जमावापुढे हत्यारासारखी वापरली. आणि जीव वाचवून त्या थांबल्या नाहीत, जायला एक घरही दिलं.

आमच्या भागात प्रेमावरून पोराचा जीव गेल्याची बातमी नवी नाही. बहुतेक वेळा तो पोरगा आपल्याच वस्तीतला असतो. मग मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, आणि ते झालंच पाहिजे. पण त्याआधीच्या आठवड्यात ती दोघं कोणाच्या दारात जाऊ शकत होती? विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस तीस दिवस आधी कार्यालयात लागते. ते तीस दिवस काढायचे कुठे? खरं सांगायचं तर असा प्रश्न आला की आपल्यातलेही बरेच जण आधी पोराच्या बापाला फोन करतात. आणि आपली पोरगी दुसऱ्या जातीत गेली तर आपल्या घरांतही काय काय होतं, त्यावर जयंतीच्या मंचावरून कोणी बोलत नाही.

फुल्यांच्या घरात ही गोष्ट दुसऱ्यांपुरती नव्हती. काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यायला कोणी धजेना. शेवटी हडपसरच्या ग्यानोबा ससाणे या सत्यशोधक कार्यकर्त्यांची मुलगी राधा हिच्याशी ४ फेब्रुवारी १८८९ ला सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं, भटजीशिवाय. लग्नाआधी सावित्रीमाईंनी राधाला घरी राहायला आणलं होतं, दोघांची ओळख व्हावी म्हणून. आजही किती सासवा हे करतील?

पुढच्याच वर्षी जोतीराव गेले. टिटवं कोणी धरायचं यावर भाऊबंद अडून बसले, तेव्हा माईंनी ते स्वतः धरलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. डॉक्टर झालेला यशवंत हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रुग्णांवर उपचार करू लागला. सावित्रीमाई पासष्टी ओलांडलेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तर त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.