कार्व्हरचा जॉर्ज

अमेरिकेतील मिसूरी राज्यात डायमंड नावाचे एक खेडे आहे. तेथील मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने १८५५ साली मेरी नावाची तेरा वर्षांची गुलाम मुलगी ७०० डॉलरला विकत घेतली. १८६४ च्या सुमारास तिच्या पोटी जॉर्ज जन्मला. त्याची जन्मतारीख कोणी टिपून ठेवली नाही. यादवी युद्धाची धामधूम चालू होती. एके रात्री लुटारूंनी मेरीला तान्ह्या बाळासह पळवून नेले. मोझेसने माणूस पाठवून शोध घेतला. एक घोडा देऊन बाळ परत मिळाले, आई मात्र कधीच मिळाली नाही.

गुलामगिरी संपली. मोझेस व त्याची पत्नी सुझन यांनी जॉर्जला व त्याच्या थोरल्या भावाला घरीच वाढविले. जॉर्ज किडकिडीत, नेहमी आजारी. शेतातले जड काम झेपेना, म्हणून सुझनने त्याला स्वयंपाक, धुणे व शिवणकाम शिकविले. फावल्या वेळी तो रानात रमे. शेजाऱ्यांची सुकलेली रोपे तो टवटवीत करून देई. त्या घरी त्याला माया मिळाली. पण तू कोण, असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले असे : कार्व्हरचा जॉर्ज. अमक्याचा बैल म्हणावे, तशी ती ओळख!

गावच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून सुमारे बारा वर्षांचा हा मुलगा एकटाच चालत निओशो गावी गेला आणि रात्री एका कोठारात झोपला. सकाळी त्याला मरायाह वॉटकिन्स भेटली. ती सुईणीचे काम करी व लोकांचे कपडे धुई. तिला मूलबाळ नव्हते. नाव विचारताच त्याने नेहमीचे उत्तर दिले. तेव्हा तिने बजावले की, यापुढे असे सांगायचे नाही. तुझे नाव जॉर्ज कार्व्हर.

शब्द तेच, पण मुलगा आता कोणाच्या मालकीचा राहिला नाही.

मरायाहने त्याला घरी ठेवून घेतले, पण नुसती कीव केली नाही. शाळेबरोबर घरचे धुणेही त्याने करावे, असा तिचा शिरस्ता होता. तिने त्याला मंडळीत नेले व एक पवित्र शास्त्र दिले. ते त्याने अखेरपर्यंत वापरले.

पुढची वाट खडतर होती. १८७९ साली कॅन्ससमधील फोर्ट स्कॉट येथे जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले आणि ते गाव सोडले. पुढे एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला. पण तो दारात उभा राहताच त्याचा रंग पाहून नाकारला. हा घाव खोल गेला. काही वर्षे त्याने कॉलेजचे नाव काढले नाही. धीराच्या माणसालाही पुन्हा उठायला वेळ लागतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

या काळात सुझनने व मरायाहने शिकविलेले धुणेच त्याचे पोट भरीत होते. आयोवातील मंडळीत भेटलेल्या एका दांपत्याने त्याला पुन्हा शिकण्याचा आग्रह केला. १८९० साली त्याने सिम्पसन कॉलेजात प्रवेश घेतला, तोही कपडे धुऊन. १८९४ मध्ये तो आयोवाच्या कृषी महाविद्यालयाचा पदवीधर झाला. १८९६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ५ जानेवारी १९४३ पर्यंत, त्याने अलाबामातील टस्कीगी येथे सेवा केली. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग व रताळी घेण्यास त्याने गरीब शेतकऱ्यांना शिकविले. स्वतः अविवाहित राहिला. पण दूरदूरच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो दर रविवारी संध्याकाळी शास्त्राचा वर्ग घेई. त्या मुलांना त्याच्यात बाप लाभला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गातही वसतिगृहातून येणारी, मामाकडे वा आजीकडे राहणारी मुले असतात. त्यांना आपण सहज 'बोर्डिंगचा मुलगा', 'अमक्याची भाची' म्हणून जातो. त्यांचे आईबाप परत आणणे आपल्या हाती नाही. येत्या रविवारी हजेरी घेताना प्रत्येकाला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारावी, आणि एखादे जबाबदारीचे काम त्याच्यावर सोपवावे. मरायाहने याहून फार वेगळे काही केले नव्हते.