निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञातिबांधवांची पुष्कळ मुले आज तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक म्हणून सरकारी सेवेत आहेत. त्यांच्यासमोर रामशास्त्र्यांचे चरित्र ठेवावे, असे आम्हांस वाटते.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळील माहुलीचे. बालपणी विद्येचा योग आला नाही. पुढे ते काशीस गेले व शास्त्रांत पारंगत होऊन परतले. इ. स. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या सेवेत शिरले व १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. एवढा अधिकार हाती असूनही, एका दिवसाच्या शिध्याहून अधिक काही घरात साठवावयाचे नाही, असा त्यांचा नेम असे.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांची पत्नी साध्या वेषात वाड्यात गेली असता पेशव्यांच्या पत्नीने तिला वस्त्रालंकार लेववून पालखीतून घरी पाठविले. शास्त्र्यांनी, भोई घर चुकले असे सांगून, दार लावून घेतले. ती साध्वी काय ते उमजली. दागिने परत करून ती आपल्या जुन्या लुगड्यानिशी पायी घरी आली, तेव्हाच दार उघडले.

या कठोरपणाचे मोल पुढे कळले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला व रघुनाथराव गादीवर आले. चौकशीअंती शास्त्र्यांनी त्यांनाच दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि सेवा सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पेशव्यांच्या दागिन्यांचे ओझे घरात असते, तर हे शब्द तोंडातून निघाले असते काय? १७७७ मध्ये नाना फडणविसांनी त्यांना सन्मानाने परत बोलाविले. १७८९ मध्ये ते निवर्तले.

आम्ही शिक्षक असता, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एका पालकाने धाडलेली पायलीभर तूर भिडेखातर ठेवून घेतली. त्या मुलाचा पेपर तपासताना आमची लेखणी अडखळली, हे आज कबूल करतो. तुरीची किंमत ती काय, पण मिंधेपणा यावयास तेवढी पुरली.

महाराष्ट्रात १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. नित्याचा साधा पाहुणचार त्यांत भेट मानलेला नाही. मात्र ज्याचे काम आपल्या टेबलावर आहे, त्याचा थाटाचा वा वारंवारचा पाहुणचार टाळावा, असे ते सांगतात. दारी आलेल्यास चहापाणी द्यावे, घ्यावे; मिठाईची पेटी मात्र हात जोडून परत करावी. आणि घरच्या माउलींनीही, शास्त्र्यांच्या पत्नीप्रमाणे, त्यात साथ द्यावी, एवढीच आमची विनंती.