प्रतिस्पर्ध्याला स्पार्क प्लग दिला आणि जेआरडी टाटा शर्यत हरले

शर्यत म्हटलं की माढ्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढं आधी बैलगाडा येतो. त्यानंतर आठवतात रीलवर दिसणाऱ्या अमेरिकन मसल कार, म्हणजे मस्टँग, कॅमेरो वगैरे. १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून या गाड्यांची लाट आली. फंडा सोपा होता. मध्यम आकाराच्या गाडीत थोरलं इंजिन बसवायचं आणि सरळ रस्त्यावर सोडून द्यायची.

पण त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या रस्त्यांवर एक निळी गाडी सुसाट पळायची. ना छप्पर, ना मडगार्ड. गाडी होती बुगाटी आणि चालवणारा होता पंचविशीच्या आसपासचा एक पोरगा, जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. म्हणजे आपले जेआरडी.

बुगाटीचं गणित मसल कारच्या उलटं होतं. इंजिन वाढवत बसण्यापेक्षा गाडी हलकी करायची. फ्रान्समधल्या मोल्सहाइमच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत मारली. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्रीसुद्धा बुगाटीनंच जिंकली. थोडक्यात, त्या काळात बुगाटी घेणं म्हणजे शर्यतीचं जातिवंत खोंड दावणीला बांधण्यासारखं होतं.

वेगाचं हे वेड आलं कुठून?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभाई टाटा, आई सुझान ब्रिए फ्रेंच. भारतात मोटार चालवणारी पहिली बाई म्हणून या सुझानबाईंचंच नाव घेतलं जातं. त्यामुळं स्टिअरिंग घरातूनच आलं म्हणायला हरकत नाही. उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी टाटांचं सुट्टीतलं घर होतं आणि शेजार होता लुई ब्लेरिओचा. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. वयाच्या पंधराव्या वर्षी जेआरडी तिथंच पहिल्यांदा विमानात बसले आणि पायलट व्हायचं तेव्हाच ठरलं.

पुढं फ्रेंच सैन्यात वर्षभर नोकरी केली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं होतं, पण वडिलांनी १९२५ मध्ये मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून चिकटवलं. वर्षभरातच वडील गेले. विशीतल्या पोरावर घराची जबाबदारी पडली.

बुगाटी याच दिवसांतली. भरधाव गाडी चालवल्याच्या प्रकरणात जेआरडी पोलिसांच्या कचाट्यात सापडले. केस लढवायला त्यांनी गाठलं जॅक विकाजी या नामांकित वकिलाला. तिथं ओळख झाली वकीलसाहेबांच्या पुतणीशी, थेल्माशी. १९३० च्या डिसेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं. वेगाच्या नादात कोर्टाची पायरी चढून बायको मिळवणारे उद्योगपती विरळाच.

पण तोवर गाडीचा वेग कमी पडायला लागला होता. जुहूला फ्लाईंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी तिथं पडीक राहायला लागले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं. नंबर १.

त्याच वर्षाच्या शेवटी आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. मैदानात उतरले तिघं. मनमोहन सिंग, जेमतेम १७ वर्षांचा अस्पी इंजिनियर आणि जेआरडी. मनमोहन सिंग आणि अस्पी इंग्लंडहून निघाले, तर जेआरडींनी मे १९३० मध्ये कराचीहून उलट्या दिशेनं उड्डाण केलं.

हाताशी होतं जिप्सी मॉथ. लाकूड आणि कापडाचं, उघड्या कॉकपिटचं, एका इंजिनाचं विमान. रेडिओ नाही. खाली रेल्वेचे रूळ, नदी किंवा समुद्राचा काठ बघत जायचं. इराणचं आखात, इराक, इजिप्त आणि पुढं भूमध्य समुद्र. रस्त्यात इंजिन बंद पडलं तर गाडीसारखं बाजूला घेता येत नाही.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीरला जेआरडी उतरले, तर तिथं अस्पी आधीच अडकून पडलेला. त्याच्या इंजिनचा स्पार्क प्लग गेला होता आणि जवळ जादा नव्हता. प्लगनं ठिणगी टाकली नाही तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल पेटत नाही, इंजिनाची ताकद जाते. वाळवंट आणि समुद्रावरून असं विमान न्यायचं म्हणजे मरणाशी खेळ. दुसरा प्लग येईपर्यंत अस्पी तिथंच बसणार होता.

जेआरडींना काहीच करायची गरज नव्हती. गुपचूप इंधन भरून निघाले असते तर शर्यत त्यांच्या खिशात होती. नियमात कुठंही प्रतिस्पर्ध्याला मदत करा असं लिहिलेलं नव्हतं. पण त्यांनी आपल्याकडचा जादा प्लग काढून अस्पीला दिला. अस्पीनंही आपलं लाईफ जॅकेट त्यांना देऊन टाकलं. मग एक पूर्वेला उडाला, एक पश्चिमेला.

अस्पी कराचीत पोहोचला आणि जेआरडी काही तासांच्या फरकानं हरले. मनमोहन सिंगांनीही प्रवास पुरा केला, पण ठरलेल्या मुदतीत बसला नाही. ५०० पौंड अस्पीला मिळाले.

हरलेल्या गड्यानं अडीच वर्षांत त्याच कराचीहून नवा डाव मांडला. १५ ऑक्टोबर १९३२ ला टपालाच्या पिशव्या घेऊन जेआरडींनी पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरवलं. एअर इंडियाची सुरुवात ती. १९३८ मध्ये, ३४ व्या वर्षी ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये सरकारनं एअर इंडिया ताब्यात घेतली, तरी १९७८ पर्यंत कारभार त्यांच्याच हाती राहिला.

आणि अस्पी? तो हवाई दलात गेला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, जेआरडींना त्याच दलात ग्रुप कॅप्टन ही मानद रँक मिळाली. १९६० साली जेआरडींच्या एअर इंडियात बोइंग ७०७ जेट दाखल झालं आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.