विश्लेषण : ‘पिसा’च्या क्रमवारीमागचे गणित मांडणारे गेओर्ग राश कोण होते?

‘पिसा’ चाचणीचे निकाल लागले की देशांची क्रमवारी चर्चेत येते आणि शिक्षणमंत्र्यांना उत्तरे द्यावी लागतात. गंमत म्हणजे १५ वर्षांच्या या विद्यार्थ्यांना सारखी प्रश्नपत्रिका नसते. मग तुलना होते कशी? त्यासाठी डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांच्याकडे जावे लागते.

नाइलाजाने धरलेली वाट

राश यांचा जन्म १९०१ मध्ये ओडेन्समध्ये झाला. कोपनहेगन विद्यापीठातून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली, पण गणितज्ञ म्हणून नोकरी मिळेना. त्यामुळे ते इतर संशोधकांना आकडेवारीत मदत करू लागले. पुढे लंडनमध्ये रोनाल्ड फिशर यांच्याकडे संख्याशास्त्र शिकले.

उतारा सोपा की मूल हुशार?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे वेगळेच काम आले. वाचनात मागे असलेल्या मुलांची प्रगती तपासायची होती. पण वय वाढते तसा उताराही बदलतो. चुका कमी झाल्या, तर मूल सुधारले की उतारा सोपा होता? राश यांनी चुकांचे प्रमाण दोन भागांत मांडले : उताऱ्याची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता. अट एकच, फुटपट्टी कोणत्याही वस्तूला लावली तरी तिच्यावरच्या खुणा हलता कामा नयेत. १९६० मध्ये त्यांचे यावरील पुस्तक आले. शिकागोच्या बेंजामिन राइट यांनी ही पद्धत अमेरिकेत रुजवली. राश १९८० मध्ये गेले.

धोरणे कशी बदलली?

‘पिसा’ २००० मध्ये सुरू झाली, ती राश यांच्या प्रारूपावरच. पहिल्याच फेरीत जर्मनी सरासरीखाली गेला आणि तेथे राष्ट्रीय शैक्षणिक मानके आली. भारतातून २००९ च्या फेरीसाठी तमिळनाडू व हिमाचल प्रदेश उतरले. दोन्ही राज्ये तळाला, फक्त किर्गिझस्तानच्या वर होती. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसरातले नाहीत, असा आक्षेप घेत भारत पुढील फेऱ्यांपासून दूर राहिला. ही सबब वाटेल, पण मुद्दा नेमका राश यांच्या अटीचा आहे : एकच प्रश्न सर्व देशांत सारखाच अवघड असतो का?

राश यांचेच विद्यार्थी, संख्याशास्त्रज्ञ स्वेन्ड क्राइनर यांनी ‘पिसा’च्या वाचनाच्या आकडेवारीवर हे तपासले. ही अट पाळली जात नाही आणि त्यामुळे क्रमवारीवर विसंबता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘पिसा’च्या आयोजकांना तो मान्य नव्हता. २०१५ च्या फेरीपासून मात्र गुण काढण्याचे प्रारूप बदलण्यात आले.