जो लुई : ताकद होती, वेळ चुकली

२६ ऑक्टोबर १९५१. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आठव्या फेरीत रॉकी मार्सियानोचे ठोसे खाऊन जो लुई दोरांमधून रिंगच्या कडेला कोसळला. मार्सियानो २८ वर्षांचा होता, लुई ३७ वर्षांचा.

लुईचा जन्म १९१४ मध्ये अमेरिकेतील अलाबामात, वाट्याने शेती करणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. १९३७ मध्ये तो हेवीवेट जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला अवघ्या १२४ सेकंदांत हरवले. सलग २५ वेळा विजेतेपद राखून १९४९ मध्ये तो निवृत्त झाला.

युद्धकाळात, १९४२ मध्ये, दोन लढतींचे मानधन त्याने लष्कर आणि नौदलाच्या मदतनिधींना दिले होते. कर खात्याने तेही त्याचे उत्पन्न धरले. थकबाकी फुगत गेली आणि १९५० मध्ये त्याला रिंगमध्ये परतावे लागले. एझर्ड चार्ल्सविरुद्ध तो उतरला तेव्हा श्मेलिंगला हरवताना असलेल्या वजनापेक्षा सुमारे नऊ किलोने जड होता. पंधरा फेऱ्या तो टिकला, पण गुणांवर हरला.

लुईची ताकद संपली नव्हती. मग बदलले काय? डोळ्यांना हालचाल दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंत लागणारा वेळ विशीनंतर हळूहळू वाढत जातो. वयानुसार स्नायूंतील वेगवान तंतू मंद तंतूंपेक्षा जास्त झिजतात. त्यामुळे नुसती ताकद बराच काळ टिकते. ती झटक्यात वापरण्याची क्षमता मात्र आधी घटते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गतीही कमी होते आणि दोन फेऱ्यांमधला मिनिटभराचा विसावा अपुरा पडू लागतो.

रोजच्या आयुष्यात सेकंदाचा हा लहानसा अंश जाणवतही नाही. अनुभवी खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा डाव आधीच ओळखून तो काही काळ भरूनही काढतो. पण रिंगमध्ये तेवढ्या उशिराने आपला ठोसा हुकतो आणि समोरच्याचा चुकवता येत नाही. येणारा ठोसा दिसला नाही, तर मानेचे स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत, डोके गर्रकन फिरते आणि आत मेंदूला पीळ बसतो. वय वाढलेल्या मुष्टियोद्ध्याला खरा धोका हा आहे. असे आघात वर्षानुवर्षे साचले, तर स्मृती, चाल आणि वागणूक बिघडू शकते.

मार्सियानोविरुद्धची लढत लुईची शेवटची अधिकृत लढत ठरली. १९७० मध्ये त्याला मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याचे खापर केवळ ठोशांवर फोडता येत नाही. अखेरची वर्षे चाकांच्या खुर्चीत काढून १२ एप्रिल १९८१ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

कराचा आकडा कागदावर स्पष्ट दिसत होता. शरीराचा हिशेब तसा कुठे मांडलेला नव्हता, आणि लुईने पहिला चुकवण्यासाठी दुसरा वाढवून घेतला.