शिक्षकांचे शिक्षक : गिजुभाई बधेका

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्राथमिक शाळा म्हटली की छडी, घोकंपट्टी आणि एका सुरात म्हटलेली मुळाक्षरे हेच चित्र डोळ्यांसमोर येई. पाठ मुखोद्गत असलेले मूल अनोळखी मजकूर समोर येताच अडखळे आणि दोष मुलाला दिला जाई. दोष शिकवण्याच्या रीतीत आहे आणि ती बदलायची तर आधी शिक्षक घडवला पाहिजे, हे ज्यांनी ओळखले त्यांत गिजुभाई बधेका अग्रणी होते.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. मूळ नाव गिरिजाशंकर. १९०७ मध्ये ते कामासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. परतल्यावर मुंबईत कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वकिली सुरू केली. पुढे मुलाच्या शिक्षणाचा विचार करीत असताना मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले आणि आयुष्याची दिशाच पालटली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. तेथे १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले.

मॉन्टेसरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवते, उच्चार ऐकते आणि सुटी अक्षरे जुळवून शब्द तयार करते. चिठ्ठीवरील सूचना मनात वाचून ते तशी कृती करते, तेव्हा त्याला अर्थ कळला की नाही हे न विचारताच समजते. गिजुभाईंनी याला गोष्टींची जोड दिली. ऐकलेली गोष्ट आवडली की ती स्वतः वाचावी, अशी ओढ मुलाला लागते.

परंतु भय दाखवून शिकवण्याची सवय असलेल्या शिक्षकाच्या हाती उत्तम साधनेही निरुपयोगी ठरतात. म्हणून १९२५ मध्ये गिजुभाईंनी शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू केले. मुलाला शिकवण्यापूर्वी त्याला ओळखावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या गुजराती पुस्तकातील शिक्षकाचा पहिलाच प्रयोग वर्गातील गोंगाटात फसतो. तो मुलांवर रागावत नाही. आपली योजना बदलतो आणि गोष्टी सांगू लागतो. हळूहळू तीच मुले पुस्तकांकडे वळतात. आपली चूक मान्य करणारा शिक्षकच शिकवू शकतो, हे त्यांनी अशा रीतीने दाखवून दिले.

१९२३ मध्ये त्यांच्या कार्यात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. भावनगरला लावलेले रोप अशा प्रकारे महाराष्ट्रातही रुजले.

२३ जून १९३९ रोजी गिजुभाईंचे निधन झाले. मुलांवरील मायेमुळे लोक त्यांना ‘मिशीवाली आई’ म्हणत. वाचता न येणाऱ्याला कमी न लेखता त्याला वाचनाची गोडी लावणे, हे शिक्षकाचे खरे कर्तव्य आहे, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.